दोन ते चारचं ऊन

ओव्हरसियरांनी मातीत दोन पेरं बोट खुपसलं आणि बाहेर काढून पाहिलं. कोरडं ठणठणीत. सकाळीच दोन बादल्या घातल्या होत्या, रोजच्यासारख्या मोजून. तरी टोमॅटोची पानं होरपळून आत वळली होती, फुलं गळून पडली होती आणि दोन वांग्यांच्या पाठी उन्हाने चक्क भाजल्या होत्या.

"अहो, काय झालं बागेला?" फाटकाबाहेरून पोस्टमनने विचारलं. "दृष्टबिष्ट लागली की काय?"

"ऊन आहे."

"ऊन काय आजचं आहे होय!" म्हणत तो सायकल ढकलत पुढे गेला.

खरंच होतं त्याचं. उन्हाळ्याचे हे शेवटचे दिवस म्हणजे भट्टीच. गल्लीत कुणाच्या परसात हिरवं पान टिकत नसे आणि यांच्या भिंतीलगतच्या वाफ्यात मात्र अकरा वर्षं टोमॅटो लगडायचे. जन्मभर रस्ते मोजलेला माणूस, निवृत्त झाला तरी खिशातला टेप काही सुटला नव्हता. दोन रोपांत किती अंतर, बुंध्याशी किती पालापाचोळा, सगळं वहीत. कुणी गुपित विचारलं की मिशीत हसायचे. "माप लागतं, माप!"

मग या पाच दिवसांत माप कुठे चुकलं?

पाच दिवस म्हटल्यावर त्यांची नजर भिंतीकडे गेली. भिंतीपलीकडची त्यांची वहिनी, थोरल्या भावाची बायको, पाच दिवसांपूर्वी गेली होती. ते सगळ्यांच्या मागे चालत गेले आणि कुणाशी न बोलता परत आले. बोलणार तरी काय? अकरा वर्षांपूर्वी भाऊ गेला, त्या दिवशी चारचौघांत ते वहिनीला नको ते बोलून बसले होते. "वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतंत, तर माझा भाऊ आज असता. यापुढे तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही." त्यांच्यासाठी आणलेला तांब्या वहिनीने मुकाट खाली ठेवला होता. महिन्याभरात खुद्द डॉक्टरांनीच सांगितलं, त्या दुखण्यात कुणाच्या हाती काही नव्हतंच. पण माफी मागायला जीभ रेटेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत अकरा वर्षं गेली आणि आता जायला माणूसच उरलं नाही. जळो तो ताठा!

एरवी जेवण झालं की दोन ते चार त्यांची झोप, घड्याळ लावून घ्यावं अशी. पण हल्ली डोळा लागत नव्हता. दोन वाजले, भिंतीवरून ऊन थेट वाफ्यात उतरलं आणि ओव्हरसियर आपली काळी छत्री उघडून टोमॅटोवर धरून उभे राहिले.

"काका, छत्री कसली धरताय?" भिंतीपलीकडून पुतणीचा आवाज आला. आईचं घर आवरायला ती थांबली होती. अबोला मोठ्यांचा, तिने तो कधी पाळला नव्हता. "थांबा, आईच्या चादरी टाकते."

"कसल्या चादरी?"

"या तारेवर टाकायची त्या."

चादरी त्यांना माहीत होत्या. एकट्या बाईला रोज चार चादरी कशाला लागतात देव जाणे, असं पुटपुटत ते दर उन्हाळ्यात झोपायला आत जायचे.

"तुम्हाला ठाऊकच नाही?" पुतणीने भिंतीवर हात टेकले. "अहो, धुतलेल्याच चादरी ती पुन्हा बादलीत बुडवायची आणि न पिळता इथे टाकायची. चार वाजले की काढायची. मी आले की ओरडायचे तिच्यावर, अगं पाण्याची एवढी मारामार, गुडघे धड नाहीत, कशाला हा उपद्व्याप? तर म्हणायची, 'भावजींचे टोमॅटो करपतात गं.'"

ओव्हरसियरांनी वर पाहिलं. तारेच्या खांबांना पाइपाचे तुकडे जोडून ती भिंतीच्या वर चांगली दीड हात चढवली होती. मग त्यांनी खाली पाहिलं. भिंतीच्या त्यांच्या बाजूला वरपासून मातीपर्यंत पाणी ओघळल्याच्या वाळक्या रेघा होत्या. चारनंतर तिथे ओल लागायची. ती आपल्या पालापाचोळ्याची करामत, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. हात खिशातल्या टेपकडे गेला आणि तसाच परत आला.

"काही म्हणायची का? माझ्याबद्दल?"

"नाही हो." पुतणीने करपलेल्या वाफ्याकडे पाहिलं. "यंदा म्हणाली, टोमॅटो काय सुरेख लाल झालेत, इथूनसुद्धा दिसतात."

गल्लीभर वाटले होते त्यांनी ते टोमॅटो. पोस्टमनलासुद्धा पिशवी भरून दिली होती. भिंतीवरून नुसता हात लांब करायचा होता, तेवढं काही जमलं नाही. त्यांनी छत्री मिटली आणि करपलेल्या रोपांत चाचपडत एकुलता एक धड टोमॅटो तोडला. मग फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून, ते अकरा वर्षांनी वहिनीच्या पायरीवर जाऊन बसले.

पुतणीने टोमॅटो हातात घेतला. "आता कुणाला हो, काका? मी उद्या कुलूप लावून निघणार."

"ठेव तिच्या ओट्यावर."

ती आत गेली. ओट्यावर टोमॅटो ठेवून दाराशी आली तर ते उन्हाने लालबुंद, घशाला कोरड पडलेली.

"पाणी…" म्हणता म्हणता ती थबकली. "नाही, म्हणजे तुम्ही आमच्याकडचं…"

"दे."

"थांबा, नळाचं ताजं आणते. माठातलं शिळं आहे. त्या दिवशी सकाळी आईनेच भरलेलं, मला ओतून टाकवेना."

ओव्हरसियरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले.

"तेच दे," ते म्हणाले. "भरून दे."