मागण्यापुरता जोर

सामान हलवणाऱ्या कंपनीत सगळे त्याला क्रेन म्हणत. ऐन विशीत तो तिथे कामाला लागला आणि पहिल्याच आठवड्यात हे नाव त्याला चिकटलं, ते कायमचं. खांद्याला पट्टा लावून तो फ्रीज जिन्यावरून असा उतरवायचा, जणू कडेवर झोपलेलं बाळ आहे. कुणी मदतीला पुढे आलं की म्हणायचा, "बाजूला व्हा. मध्ये आलात की दोघांना जपावं लागतं, तुम्हाला आणि कपाटाला."

तसा तो भाविक होता. रविवारची उपासना चुकवायचा नाही, घास घेण्याआधी डोळे मिटायचा. पण देवाकडे मागायचा ते दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी काय मागायचं? हातपाय धड आहेत, खांदे रुंद आहेत. "माझ्यापायी देवाला कशाला तसदी?" असं तो म्हणायचा आणि त्याला ते फार नम्रपणाचं वाटायचं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याला काय दिसत नाही हे ओळखायची तिला सवयच होती. ती म्हणायची, "हा नम्रपणा नाही हो. हा ताठाच आहे, फक्त चांगले कपडे घालून आलाय."

मग त्याची पाठ गेली. तीही पियानो उचलताना नाही, की लोखंडी तिजोरी उतरवताना नाही. जमिनीवरचं पुस्तकांचं एक खोकं उचलायला वाकला आणि तिथेच राहिला. ऑपरेशन झालं. शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता जड काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नाही."

"आणि बरा झाल्यावर?"

"हे बरं झाल्यावरचंच सांगतोय."

कंपनीने टेबलावरचं काम देऊ म्हणून सांगितलं, पण जागा रिकामी होईपर्यंत थांबायचं होतं. क्रेन घरी बसला. आणि नेमके त्याच सुमारास सासरे त्यांच्याकडे राहायला आले.

सासरे हयातभर शाळेत गणित शिकवत होते. सगळे त्यांना सर म्हणत, जावईसुद्धा. मुलीने ओझी वाहणाऱ्याशी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी ते फक्त फोटो काढणाऱ्याशी बोलले होते. पुढे इतकी वर्षं जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे "काय, ठीक?" एवढंच. आता त्यांची आठवण विरत चालली होती. एकटं राहणं शक्य नव्हतं, मुलगी एकुलती एक, आणि तिची नोकरी दिवसभराची. म्हणजे दिवसा सरांजवळ कोण, तर क्रेन.

पहिल्या दिवशी सरांनी अगदी अदबीने विचारलं, "आपण कोण?"

"मी तुमचा जावई, सर."

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "नाही नाही. तो तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे."

ते क्रेनला लागलं. ऑपरेशननंतर तो उतरला होता, शर्ट खांद्यावरून ओघळायचे. त्याने पुन्हा नातं सांगितलं नाही. सरांनी विचारलं की "मी इथेच असतो" म्हणायचा.

माणसाला फ्रीजसारखा पट्टा लावता येत नाही, हे त्याला लवकरच कळलं. शाळेची घंटा झाली का? तपासायच्या वह्या कुठे गेल्या? मुलं इतकी गप्प का? सर विचारायचे, तो उत्तर द्यायचा, आणि चमचाभर सूप पोटात जातं न जातं तोच पुन्हा घंटेपासून सुरुवात. एका सकाळी क्रेनचा तोल सुटला. तो ओरडला, "झाली घंटा! शाळा सुटली! कायमची सुटली!" सरांचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरला आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर नीट ठेवले, शिक्षा झाल्यासारखे.

क्रेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्वयंपाकघरात गेला, सिंकच्या कडेला धरून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी तोंड उघडलं. "प्रभू, माझ्याने होत नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत पुरेल एवढा धीर दे. पुढचं पुढे बघू."

काही विशेष घडलं नाही. नळ ठिबकत होता तसा ठिबकत राहिला. पण तो बाहेर आला, सरांसमोर बसला, आणि घंटेबद्दल विचारणा झाली तेव्हा म्हणाला, "अजून वेळ आहे, सर. तोवर एखादं गणित घाला मला." सरांचे डोळे चमकले. जेवणापर्यंतची वेळ खरंच निघाली. जेवण झाल्यावर त्याने पुन्हा मागितलं, चहापर्यंतचं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. "म्हणजे घोट घोट घेताय."

"एकदम मागितलं तर सांडेल," तो म्हणाला.

हळूहळू घडी बसली. अडचण उरली ती खालच्या मजल्याची. तिथे एक शिंपीणबाई राहायच्या. पडदे, कोट, शाळेचे गणवेश, सगळं शिवायच्या, आणि त्यांचं मशीन नेमकं सरांचा डोळा लागायच्या वेळी खडखडायला लागायचं. क्रेन फरशी पुसायच्या दांड्याने जमिनीवर ठोकायचा. मशीन थांबायचं. समोरासमोर बोलणं कधी झालं नाही. जिन्यात गाठ पडली तर दोघंही कठड्याकडे बघत निघून जायचे.

एके दिवशी दुपारी सर हात धुवायला गेले आणि न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. क्रेन धावला. सर बेसिन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसकण मारून पडले होते, एक पाय दुमडलेला, चष्मा कानावर लोंबत. रक्त नव्हतं. हात हलत होते, पाय हलत होते.

"कुठे दुखतंय, सर?"

"फरशी ओली आहे," सर म्हणाले, तक्रार केल्यासारखे.

पूर्वी त्याने त्यांना एका हाताने उचललं असतं. तो दारात उभा राहून पुटपुटला, "प्रभू, एकदाच. पूर्वीसारखा जोर दे, हवं तर नंतर काढून घे." त्याने सरांच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले. कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सर जागचे हललेही नाहीत.

क्रेनला राग आला, आणि तो कुणाचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. धीर दिलास, वेळेवर शब्द सुचवलेस, आणि आज जे खरं हवं ते नाही? स्वयंपाकघरात जाऊन त्याने बायकोला फोन लावला. तो तिच्या कपाटात वाजत असणार. दुकानात फोन जवळ ठेवता येत नसे. कंपनीच्या गोदामातल्या पोरांना बोलवावं तर काय सांगणार? या रे, क्रेनला एक म्हातारा माणूस उचलत नाहीये? फोन त्याने तिथेच आपटला आणि परत आला, तर सर बेसिनला धरून उठायला बघत होते आणि बेसिन करकरत होतं.

"नको, नको, सर!" तो तसाच त्या ओल्या फरशीवर बसला, सरांच्या मागे सरकला आणि आपली छाती त्यांच्या पाठीला टेकवली. टेका मिळताच सरांचं अंग सैल झालं. खुर्चीत बसल्यासारखे ते मागे रेलले.

"घाबरू नका," सर त्यालाच म्हणाले. "माझा जावई येईल आता. दांडगा गडी आहे. कपाट एकट्याने उचलतो."

क्रेनने मागूनच त्यांचा लोंबणारा चष्मा नीट बसवला.

"मी लग्नाला नको म्हणत होतो. चुकलंच माझं. मुलगी त्याच्या घरी गेली आणि मला शांत झोप लागायला लागली."

"त्याला सांगितलंत कधी?" क्रेनने विचारलं.

"शाबासकी वर्गातच देत राहिलो. घरी द्यायची राहून गेली." सरांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले. "पण तो येईल बघा."

"तो येईलच, सर. पण आज त्याच्या एकट्याने नाही व्हायचं. मदत लागेल."

"मग हाक मारा की कुणाला!" सरांच्या आवाजाला एकदम वर्गातली धार आली. "त्या बिचाऱ्याला एकट्याला का राबवता?"

क्रेनने डोळे मिटले. आता त्याने पाठीसाठी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "प्रभू, हाक मारण्यापुरता जोर दे." मग हात लांबवून कोपऱ्यातला दांडा ओढला आणि फरशीवर जोरजोरात ठोकला.

खाली मशीन चालू होतं. ते लगेच बंद झालं, आणि सगळीकडे शांतता पसरली.

तो पुन्हा ठोकायला लागला. शांतताच. मग मात्र तो ठोकतच सुटला, तेव्हा कुठे जिन्यात चपलांचा फटफटाट झाला आणि दाराबाहेरून तोफ धडाडली, "मशीन बंद केलंय ना! आता काय श्वाससुद्धा बंद करू?"

"बाई, किल्ली पायपुसण्याखाली आहे! आत या!" तो ओरडला. आणि मग जे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं ते निघालं. "मला मदत पाहिजे!"

शिंपीणबाई आल्या त्या भांडायच्या तयारीने, गळ्यात माप घ्यायची फीत आणि ओठांत टाचणी. न्हाणीघरातला देखावा बघून त्यांनी आधी टाचणी काढून कॉलरला लावली. "अरे देवा! माझ्या हातात कात्री धरायचा जोर आहे हो, माणूस उचलायचा नाही."

"माझ्यात तेवढाही नाही. पण उचलायचं नाहीये, वळवायचं आहे. ते छोटं स्टूल आणा, आणि एक खुर्ची." दोन्ही आणून बाई सरांपाशी वाकल्या, तसा तो म्हणाला, "आधी एक मिनिट प्रार्थना करतो."

"करा, पण लांबवू नका. मी वाकलेली आहे."

त्याने ती खरंच आटोपती घेतली. मग तो एकेक पायरी सांगत गेला. सरांना कुशीवर वळवलं, गुडघ्यांवर आणलं, हात स्टुलावर टेकायला लावले. "आता एक पाय पुढे, सर. शाबास." बाईंनी कंबरेला आधार दिला, त्याने खांदा धरला, सर स्वतःच्याच पायांवर अर्धे उठले आणि बाईंनी खुर्ची अशी अचूक सरकवली की तिघांनीही एकदम श्वास सोडला.

"बरोबर," सर म्हणाले. "पैकीच्या पैकी."

चहा शिंपीणबाईंनीच केला. क्रेन ओल्या पँटीनेच बसला होता. त्याने खाली मान घालून सांगितलं की सर दुपारी झोपतात, म्हणून तो दांडा.

"मग सांगायचं ना! दुपारी मी हातशिलाई काढीन. मला वाटायचं, वर कुणी राक्षस राहायला आलाय. बहिणीला तर मी तसंच सांगितलंय."

"आता काय सांगाल?"

बाईंनी त्याच्या पँटीकडे बघितलं. "सांगेन, भिजलेला आहे."

संध्याकाळी डॉक्टरांनी घरी येऊन सरांना तपासलं. थोडा मुका मार, बाकी काही नाही. रात्रीच्या जेवणाआधी त्याने बायकोला सरांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग उठली, आत जाऊन सरांच्या कपाळावर हात ठेवून आली आणि परत येताना नवऱ्याच्याही.

"मी पाठीत जोर मागितला होता," तो म्हणाला. "तो नाही मिळाला."

"मग?"

"मग दुसराच मिळाला, हाक मारायचा. मला ठाऊकच नव्हतं की त्यालाही जोर लागतो."

रविवारी सरांजवळ शिंपीणबाई बसल्या. उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही प्रार्थनेची विनंती? क्रेन उठून उभा राहिला. मंडळीतल्या अर्ध्याअधिक लोकांचं सामान त्याने कधी ना कधी हलवलेलं होतं. त्याला काही मागताना कुणी पाहिलं नव्हतं. "सरांना चर्चला यायचंय," तो म्हणाला. "आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि जिना त्यांना झेपत नाही. माझी पाठ अशी. प्रार्थना कराच, पण मला हातही पाहिजेत." त्याचे कान लाल झाले होते. तो बसला तेव्हा बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

पुढच्या रविवारी दारात माणसंच माणसं. चर्चमधली बाजाची पेटी वाजवणारा होता, बेकरीवाला होता, गोदामातले दोघे होते. शिंपीणबाईंचा चर्चशी काही संबंध नव्हता, तरी त्या जुन्या पडद्याचा जाड पट्टा शिवून घेऊन आल्या आणि सरांना खुर्चीत कसा बांधायचा ते दाखवून गेल्या.

खुर्ची उचलली गेली. क्रेन पुढे चालला, रिकाम्या हातांनी. इतके जिने उतरला होता तो, पण असा कधीच नाही. बोटं शिवशिवत होती. "डावीकडे घ्या. कठड्याला कोपर लागेल. हं, आता सावकाश." वरून सर बजावत होते, "रांगेत चला, धक्काबुक्की नको!" आणि गोदामातले ते दोन आडदांड गडी चक्क "हो सर" म्हणत होते.

चर्चमध्ये सर पुढच्या बाकाजवळ बसले. गीत सुरू झालं तेव्हा त्यांना सगळे शब्द आठवत होते. फक्त ते सगळ्यांच्या एक ओळ पुढे होते आणि आवाज खणखणीत. बाजावाल्याने एकदा मागे वळून पाहिलं, हसला, आणि त्यांना गाठायला लय जलद केली. मग सगळी मंडळीच धावत सुटली. क्रेनला हसू आवरेना. हसता हसता तोही मोठ्याने गाऊ लागला.

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाभोवती गर्दी झाली. बेकरीवाला खांदा चोळत म्हणाला, "उतरवणं सोपं होतं हो. वर चढवताना आणखी दोघं लागतील."

"आणतो," क्रेन म्हणाला. त्याने कप खाली ठेवला आणि कुणाला विचारावं हे बघत तो गर्दीत शिरला.