राखेतली नाचणी

मी खोटं बोलत नाय, फक्त जरा वाढवून सांगतो. त्या रविवारी आमच्या वैशाखरे गावाकडच्या पाड्यावर एवढं उकडत होतं, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालत होत्या. जून निम्मा सरला तरी आभाळ कोरडं. रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजून ठेवलेला, आणि आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको लहानी, पावसाची वाट बघत अंगणात येरझाऱ्या घालतेय.

तिकडं नात रुपाली बंद शाळेभोवती फिरतेय.

"काय गो, शाळेला प्रदक्षिणा?"

पोरगी रडायलाच लागली. "आजा, आजीची नाचणी आत हाय."

माझ्या तोंडातली बिडी गळाली. ती नाचणी लहानीनं माहेराहून आणलेली. आता माहेरीसुद्धा कुणाकडं उरली नाय, सगळे दुकानातलं बियाणं पेरतात. कीड लागू नये म्हणून बी राखेत कालवून चुलीवर गाठोड्यात टांगलेलं. तेवढंच. ते गेलं की वाण संपला.

"कशाला नेलीस?"

"सरिताबाई म्हणाल्या, घरातून मिश्रण आणा. संदेशनं चिवडा आणला. मी गाठोडं नेलं. बाई म्हणाल्या, झकास! दाणे वेगळे दिसतात, राख वेगळी दिसते, म्हणजे विषमांगी. मग वेगळं करायचं ठरलं."

"पाखडून ना?"

"पाखडलं. पण राख चिकटलेली. मग बादलीत धुतलं नि फडक्यातनं गाळलं."

"पाण्यात घातलंस?"

"काल. मग शाळा सुटली. फडकं तसंच ऱ्हायलं."

चावी बाईंकडं, बाई मुरबाडला, आणि पाड्यावर रेंज नाय. शाळेमागच्या चिंचेवर मी इतका उंच चढलो, की एका घारीनं मला रस्ता विचारला. तिला वाटेला लावून फोन लावला.

"उद्या सुकवून देते ना, आजोबा," बाई म्हणाल्या.

"भिजलेली नाचणी उद्यापर्यंत थांबायची नाय, बाई. तिला जाग आली असंल."

दुपारच्या एसटीनं बाई आल्या. तोवर लहानीला चुलीवरची खुंटी रिकामी दिसली होती. ती शाळेच्या दारात कुलूप हलवत उभी.

कुलूप निघालं. फडकं सोडलं, तर दाण्यादाण्याला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा कोंब.

"मी लगेच उन्हात घालते!" बाई घाबऱ्या झाल्या.

"उन्हात घातलीस तर मेली," लहानी म्हणाली. " ठेवलीस तर कोंब गुंतून मोडतील. आजच पेरायची."

"पण पाऊस कुठाय, आजी?"

"पाऊस नाय, हातपंप हाय ना तुमचा?"

पोरं कळश्या घेऊन धावली. बाईंनी ओढणी खोचली. मी पंप मारला, एवढा मारला की पाताळातलं कुणीतरी ओरडलं, बस कर रे. तिकडं लहानी मोडू नयेत असे हलक्या हातानं दाणे राबावर टाकत होती.

गाळलेल्या पाण्याची बादली वर्गाच्या कोपऱ्यात तशीच होती. राख तळाला, वर पाणी नितळ.

"बाई, हे आता शुद्ध झालं?" एवढ्या गडबडीत रुपालीनं विचारलं.

"बोटाला लावून बघ."

"बुळबुळीत लागतं."

"राखेतला क्षार विरघळलाय. दिसत नाही, गाळून निघत नाही. हे समांगी मिश्रण. शुद्ध पाण्यात पाण्याशिवाय दुसरं काही नसतं."

"मग ते वेगळं कसं करायचं?"

"आता कायपण वेगळं करायचं नाय!" पाणी न्यायला आलेली लहानी कडाडली. तिनं बादली उचलली, पंपाच्या पाण्यात मिसळली आणि राबावर शिंपडून टाकली.

त्या दिवसापासून तिला चैन नाय. चिमण्या हाकल, मातीला बोट लाव, पुन्हा पाणी घाल.

"जेव तरी गो," मी म्हणालो.

"गप ऱ्हा."

मग एका सकाळी राखाडी मातीवर हिरवी लव दिसली. लहानी वाकली, डोळे बारीक करून बघितलं, आणि तेव्हा कुठं बांधावर टेकली. रुपाली लांबूनच उभी होती. लहानीनं तिला हातानं बोलावून शेजारी बसवलं.

"परत बाईंनी मिश्रण मागितलं, तर तुझ्या आज्याच्या गोष्टी घेऊन जा," ती म्हणाली. "त्यातलं खरं बाजूला काढता काढता बाई रिटायर होतील."