दिवाणाचा खांब

अबू रझीनची उभी हयात दुसऱ्यांना मोठं करण्यात गेली होती. बगदादच्या दिवाणात, म्हणजे दरबारी कचेरीत बसून तो सरदारांसाठी किताब शोधायचा. रुक्न-उद-दौला म्हणजे राज्याचा खांब, शम्स-उद-दौला म्हणजे राज्याचा सूर्य. आता राज्य तळहाताएवढं उरलं होतं आणि त्याला सूर्य मात्र तीन होते. या सगळ्याचा त्याला वीट आला होता.

नजर अधू होत चालली होती. ती पुरती जायच्या आत वासितला लेकीकडे जाऊन नातीचं तोंड बघायचं, एवढंच त्याला हवं होतं. दोन वर्षं वजीर त्याला टोलवत होता. आज मात्र त्याने शब्द दिला होता, "हा दैलमी दूत खूश होऊन गेला की तुम्ही मोकळे."

दूताच्या धन्याकडे दोन डोंगर आणि एक पडका किल्ला होता, आणि आता त्याला किताबही हवा होता.

"खांब द्या," दूत म्हणाला.

"खांब सगळे संपले."

"मग बाहू?"

"दोन्ही गेले."

"निदान मुकुट तरी?"

"तो तुमच्या धन्याच्या मेव्हण्याला दिला, गेल्याच महिन्यात."

"त्या भामट्याला?"

अबू रझीनने डोळे चोळले. बाहेर ऊन रणरणत होतं. "झिल्ल-उद-दौला," तो म्हणाला. "राज्याची सावली."

"सावली? ती तर पायाखाली येते!"

"जरा अंगणात उभे राहून या. मग सांगा, सूर्य हवा की सावली."

दूत गेला आणि घाम पुसत, हसतच परतला. त्याला किताब पसंत होता.

वजीरही खूश झाला. "वा, अबू रझीन! तुमच्यासाठीही एक किताब ठरवलाय. रुक्न-उद-दीवान. आमच्या दिवाणाचा खांब!"

"हुजूर, पण माझी रजा..."

"अहो, खांब कधी चालत जातो का? छप्पर येईल आमच्या डोक्यावर!"

सगळे खो खो हसले. अबू रझीनही हसला, कारण वजिराच्या विनोदाला हसावं लागतं.

आपल्या किताबाचं फर्मानही त्यालाच लिहायचं होतं; तसला मजकूर दुसऱ्या कुणाला जमत नसे. कागदाला नाक टेकवून त्याने ते पुरं केलं. मग उरलेल्या चिठोऱ्यावर लेकीला लिहिलं, "लुबाबा, मला किताब मिळाला, म्हणजे आता येणं होणार नाही. पोरीला घेऊन तूच ये. दिसली नाही तर हातांनी बघेन."