मासळीच्या वखारीची भिंत

फणसवाडीतली सुक्या मासळीची जुनी वखार एका मंडळाने प्रसूतिगृहासाठी घेतली होती. इमारत कितपत टिकेल, वर मजला चढवता येईल का, हे बघायला चिटणीस बाबुरावांनी चिंचपोकळीच्या धर्मा मिस्त्रीला बोलावलं.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर झालेल्या गोळीबारात धर्माचा धाकटा भाऊ जगन गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. चाळीत माणसं येऊन बसत, जगनचं कौतुक करत. धर्मा मान हलवायचा. रडू काही आलं नव्हतं. बायको, शेवंता, पुढ्यात ठेवील ते तो जेवायचा. आमटी अळणी झालीय हे ती स्वतः जेवायला बसली की मगच तिला कळायचं.

वखारीत तो एकेक खांब ठोकत फिरला. सागवान वर ठणठणीत होतं, जमिनीलगत मात्र आवाज पोकळ. पटाशी वीतभर आत गेली. भिंतींवर कमरेपर्यंत पांढरी पूड फुलली होती. ती त्याने बोटाने जिभेवर ठेवली. काहीच लागलं नाही. पुन्हा ठेवली, तरी तेच.

किल्ली घेऊन आलेली सुंदराबाई कोळीण दारात बसली होती. तीस वर्षं तिचा माल इथेच असायचा.

"मावशी, जरा चाखून सांगता? मला चव लागत नाही."

"ताप हाय काय?"

"नाही. भाऊ गेला माझा."

सुंदराबाई उठली. नखाने भिंत खरवडून तिने चाखली नि बाहेर जाऊन थुंकली. "खारी हाय. मिठाच्या राशी हिलाच टेकून असायच्या."

धर्माने बाबुरावांना सांगितलं, मजला चढवू नका, खांब बुडातून बदला. सिमेंटच्या गिलाव्याचं निघालं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, सिमेंटने मीठ आत कोंडेल आणि भिंतच खाईल. चुना लावा. तो झडेल, पण पुन्हा लावता येईल."

मंडळाने मजला सोडला, खांब बदलले. गिलावा मात्र सिमेंटचाच केला. उद्‌घाटनाला तो गुळगुळीत दिसायला हवा होता.

दोन वर्षांनी त्याचा एक पोपडा रिकाम्या खाटेवर पडला. बाबुरावांनी धर्माला पुन्हा बोलावलं. बाळंतिणींना पलीकडच्या खोलीत हलवलं होतं. ओशाळल्यासारखे बाबुराव काही बोलायला लागले, पण धर्माने भिंतीवरून हात फिरवून विटा किती भुसभुशीत झाल्यात तेवढंच पाहिलं.

"आता चुना लावला तर किती टिकेल?" त्यांनी विचारलं.

"चारेक वर्षं. मग परत लावायचा," धर्मा म्हणाला आणि त्याने छिन्नी भिंतीला लावली.