ताईच्या दोन खिडक्या

माझी ताई अंगानं भरभक्कम. लहानपणी आम्ही दोघी एका खाटेवर झोपायचो. तिनं कूस बदलली की मी थेट जमिनीवर. आई तिला लाडानं 'डोंगर' म्हणायची आणि सगळ्यांत आधी ताईच हसायची. पण पुढे एकदा ती विमानाच्या खुर्चीत अडकली. शेजारचा माणूस फिदीफिदी हसला. तेव्हापासून तिनं विमानाचं नावच टाकलं.

आता परमुलखातल्या लेकीचं बाळंतपण आलं. जावई बोटीवर, लेक एकटी. ताईच्या मुलानं आईला ऐसपैस बसता यावं म्हणून तिच्याच नावानं दोन खुर्च्या घेतल्या. सोबतीला मी.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "खिडकी हवी का?"

ताई ऐटीत म्हणाली, "हवी तर! दोन्ही खिडकीच्याच द्या."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. विमानात शिरल्यावर कळलं, एक खिडकी अकराव्या रांगेत, दुसरी तिच्यामागे बाराव्या रांगेत.

"आता काय, निम्मी इथे बसू आणि निम्मी मागे?" ताई म्हणाली.

हवाईसुंदरी धावत आली. "आजी, मागच्या खिडकीतल्या बाई कुठे आहेत?"

"मीच ती."

"मग या खिडकीतल्या?"

"त्याही मीच."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली, पण का डोलावली ते मलाच कळेना. मागे लोक ताटकळले होते. कुणीतरी हसलं. ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

"चल गं, परत जाऊ. पोरीला सांग, आईला नाही जमलं."

तेवढ्यात अकराव्या रांगेत मधे बसलेला चष्मेवाला उठला. "काकू, मी मागच्या खिडकीत बसतो. मला आयती खिडकी मिळतेय!"

दोन खुर्च्यांमधला हात वर केला आणि ताई दोन्ही खुर्च्यांवर नीट बसली. मी तिच्या कडेला.

तरी विमान हलेना. माणसं मोजली, एक कमी भरलं. पुन्हा मोजली, तेच. मग भोंग्यातून ताईच्याच नावाचा पुकारा सुरू झाला: ताबडतोब विमानात यावे.

"मी आलेय की!" ताई ओरडली.

"तुम्ही आलात हो, आजी. दुसऱ्या बाई राहिल्यात."

ताईनं रिकाम्या अर्ध्या खुर्चीवर हात आपटला. "त्याही आल्यात! दार लावा बाई, माझी पोर तिकडे एकटी आहे."

हवाईसुंदरीनं ताईकडे बोट करून "एक" म्हटलं, जरा थांबून "दोन" म्हटलं. हिशेब तिला पटला असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. मलाही तो अजून नीटसा लागलेला नाही. दार मात्र लागलं.