सवतीचं घर

“आता तरी पुरे?” तिने विचारलं.

पलंगावर उशांना टेकून बसलेल्या नवऱ्याने डावा हात जोरात हलवला. पुरे नव्हतं.

“अहो, अर्धी पेटी भरली की ह्या कोकोपीटच्या मातीने! त्या सवतीला राहायला जागा ठेवायची की नाही?”

पुन्हा तोच हात. वर, आणखी वर. आणि सोबत तो एकच आवाज, “बा! बा!”

नवऱ्याच्या तोंडात आता एवढंच उरलं होतं. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. भूक लागली तरी बा, पाठ खाजली तरी बा, राग आला तरी बा. डाव्या हातात पेन्सिल द्यावी तर कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, “ऐकतात, समजतात. फक्त बाहेर काढता येत नाही.” त्यात ‘फक्त’ काय होतं, ते डॉक्टरांनाच ठाऊक.

आयुष्यभर हा माणूस लिफ्ट दुरुस्त करत फिरला होता. अशाच एका इमारतीत भाडेकरू रातोरात घर सोडून गेला आणि मागे काचेच्या पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी ठेवून गेला. “फेकून दे रे हे,” म्हणून रखवालदाराने पेटी ह्याच्या हातात दिली, आणि ह्याने ती घरी आणली.

“लोक मांजर आणतात, पोपट आणतात. हे काय ध्यान आणलंत?”

“टॅरँटुला म्हणतात हिला. मादी आहे. सांभाळली तर वीस वर्षं जगेल.”

“म्हणजे सवतच आणलीत की!”

ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तो रोज संध्याकाळी पेटीपुढे बसून सवतीच्या गोष्टी सांगायचा आणि ही कानांवर हात ठेवायची. एकदा सकाळी टेबलावर दुसरा तसाच कोळी पाहून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. ती सवतीने टाकलेली कात निघाली. नवरा पोट धरून हसला होता. कात कशी टाकते ते सांगायलाही लागला होता, पण ही तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

आता दोघंही लेकीच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली होती. सामान हलवताना काचेची पेटी फुटली. सवत तेवढी वाचली आणि भोकं पाडलेल्या बरणीतून आली. “बाबांची आहे ना, मग राहू दे,” लेक म्हणाली, “पण माझ्यासमोर आणू नका. अंगावर काटा येतो.” म्हणून आज ही नवी प्लास्टिकची पेटी घेऊन जमिनीवर बसली होती. ड्रायक्लीनरच्या दुकानात रफू करणारी बाई ती. बारीक कामाची सवय होती. सुई तापवून झाकणाला भोकं पाडली होती, फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा लपायला आणला होता. तरी नवऱ्याचं समाधान होईना.

“मला नाही समजत तुमचं. चुलीत गेली ती पेटी.”

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने उशाशी ठेवलेल्या जेवणाच्या ताटातला पिकलेला टोमॅटो उचलला, हात पलंगाबाहेर लांब केला आणि सोडून दिला. टोमॅटो फरशीवर फुटला. बिया तिच्या साडीपर्यंत उडाल्या.

“अहो! आता हे कोण पुसणार?”

त्याने बरणीतल्या सवतीकडे बोट दाखवलं. मग पेटीच्या झाकणाकडे. मग खाली, त्या लाल चिखलाकडे.

ती बघत राहिली. “वर चढली आणि तिथून पडली,” ती सावकाश म्हणाली, “तर पोट फुटेल तिचं. म्हणून माती वरपर्यंत हवी. पडली तरी उंचावरून पडायला नको. तसंच ना?”

“बा!” तो ओरडला, आणि अर्ध्या तोंडाने हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्याही आलं. झटका आल्यापासून नवऱ्याने तिला सांगितलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं.

मग तिने माती भरली, तळहाताने दाबली, कोपऱ्यात कुंडीचा तुकडा रोवला, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी बसवली. मग बरणी आडवी धरली. “या बाईसाहेब,” ती म्हणाली. सवतीने एक पाय बाहेर ठेवला, थांबली, मग दुसरा. नवऱ्याचा हात हवेत तसाच होता. हळू, हळू.

त्यानंतर घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मूठ म्हणजे खाणं, सपाट हात म्हणजे पाणी. दुकानातून येताना ती रातकिडे आणायची आणि चिमट्याने आत सोडायची. सवतीने झडप घातली की दोघं एकमेकांकडे बघायची. हळूहळू हातांची ती भाषा सवतीपुरती राहिली नाही. खिडकी लावू का, लेकीचा आवाज आज असा का, जावई रागावलेत का, सगळं त्यात येऊ लागलं. ती दुकानात भराभर रफू करायची. घरी कोणीतरी बोलायला वाट बघतंय, असं तिला वाटायचं.

मग सवतीने खाणं सोडलं. रातकिडा तिच्या पायांवरून फिरला तरी हलेना. “रुसली वाटतं,” ती म्हणाली. नवऱ्याने रातकिडा बाहेर काढायला लावला. मग तो तळहात पालथा धरून उताणा करू लागला. पालथा, उताणा. पुन्हा पालथा, उताणा.

“कूस बदलायचीय का?” तिने विचारलं आणि त्याला दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवलं. “बा,” तो म्हणाला. अगदी हळू. तिला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल.

दोन दिवसांनी ती दुपारी दुकानातून आली तर लेक दारातच उभी. डोळे सुजलेले.

“आई, बाबांची ती गेली गं.”

“कोण?”

“ती... कोळीण. सकाळी खोलीत गेले तर उताणी पडलेली. पाय वर. बाबा नुसते ओरडत होते, बघवत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते मढं कशाला, म्हणून मीच काढली. चमच्याने.” तिने आपला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. “किती घाबरले मी! पण फेकली नाही. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरली. बाबा मात्र अजून शांत होत नाहीयेत. सारखा हात असा करताहेत.”

लेकीने करून दाखवलं. पालथा, उताणा.

तिने हातातली पिशवी दारातच टाकली. मग ती थेट गॅलरीत गेली आणि बोटांनी कुंडीतली माती बाजूला केली.

सवत मेली होती. पण तिच्या पाठीवरची जुनी कातडी उकलली होती, डबीचं झाकण उघडावं तशी. त्यातून नवं अंग अर्धं बाहेर आलं होतं. पांढुरकं, ओलं, नुकत्या जन्मलेल्यासारखं. नवे पाय जुन्या पायांतून निम्मेच निघाले होते. मातीचे कण त्यांना चिकटले होते. तिने फुंकर मारली. पाय हलले नाहीत.

“काय बघतेस आई?” लेक मागे येऊन उभी होती.

तिने माती पटकन सारखी केली. “काही नाही. नीट पुरलीस का, ते बघत होते.”

“मेलीच होती ना गं? मला आता उगीच कसंतरी होतंय.”

“मेलीच होती,” ती म्हणाली. “वय झालं होतं तिचं.”

हात धुवायला तिला बराच वेळ लागला. खोलीत आली तेव्हा नवरा पलंगाच्या कडेला सरकलेला, चादर जमिनीवर. तिला पाहून त्याचा हात उठला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

“कळलं,” ती म्हणाली. “कात टाकायला उताणी झाली होती, जिवंत होती. कळलं मला.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात पुढे म्हणाली, “पोरीला नका कळू देऊ. तिने मायेने केलंय.”

नवऱ्याचा श्वास जोरजोरात चालला होता. तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली आणि पलंगाशी गुडघे टेकून बसली. “बाबा, रागावलात माझ्यावर? दुसरी आणू आपण. मी विचारून ठेवते.”

त्याने आधी बायकोकडे पाहिलं. मग त्याने बायकोच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आणि तो लेकीच्या डोक्यावर ठेवला. लेक रडली, मग नाक पुसत उठली आणि स्वयंपाकाला लागली.

ती गेल्यावर त्याने तोंड भिंतीकडे केलं. ह्या वेळी स्वतःहून, कोणी न वळवता. बायको पलंगाच्या कडेला बसून राहिली. काही हवंय का, असं तिने दोनदा विचारलं. त्याचा हात पलंगावरून उचललाच गेला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही.

बाहेरून लेकीने जेवायला हाक मारली. “आई, बाबा, येऊ का वाढून घेऊन?”

आत तिने जमिनीवरची चादर उचलली आणि नवऱ्याच्या अंगावर घातली.