जिभेची साक्ष

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट बुचाएवढीच आहे, पण बाटली तोंडोतोंड भरलेली आहे.

ओलं बूच घरच्या थोरल्या सुनेच्या तळहातावर होतं. तिनं ते नाकाशी नेलं… काही नाही. लाकूड नाही, आंबूसपणा नाही. हिवाळ्यातल्या तापानं वास नेला तो नेलाच — आणि त्याबरोबर घरातला मानही. अठ्ठावीस वर्षं वाइनच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी बाटल्या निवडल्या तिनं. सुट्टीतल्या घरच्या मोठ्या जेवणाची पांढरी वाइनही दरवर्षी तिचीच. यंदा मात्र धाकट्या दिरानं परस्पर ठरवलेलं.

“वहिनी, तुम्ही आराम करा,” तो फोनवर म्हणाला होता. “मी भारीतली आणतो, बर्फात गारेगार करून. तुम्हाला काय, पाणी दिलं तरी चालेल!”

मेला हसतोही असा, की आपल्यालाच हसू यावं. पण नाही. हसणार नाही मी.

ओट्यावर तीन बाटल्यांतले तीन पेले, तिन्ही जेमतेम गार — बर्फात घातलं की वाइनची खोट झाकते, चोरही साव दिसतो, असं तळघरातला म्हातारा सांगायचा, दुकानातला तिचा पहिला गुरू. पहिला घोट सायीच्या सुपाबरोबर: गोडावर गोड, दोन घासांत माणूस आडवा. दुसरा लिंबू लावून भाजलेल्या माशाबरोबर: आंबटावर आंबट, दात शिवशिवले. तिसरा… जिभेच्या कडांना पाणी सुटलं, मग मध्यभागी एक गोलाई बसली, आणि मधातल्या गाजरांपुढेही ती पातळ पडली नाही. मासा, साय, गाजर — गाणाऱ्याला साथ द्यावी तशी सगळ्यांना धरून, कुणावर कुरघोडी नाही. देवा, वास नेलास, जीभ ठेवलीस. मग गप्प का बसू?

पण या तिसरीचं बूच कुजकं, वाइन बिघडलेली निघाली तर? ते जिभेला नीट कळत नाही. ते नाकाचंच काम.

“अहो, इकडे या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय का?”

नवऱ्यानं बूच हुंगलं. “मला तर वाइनचाच येतोय.”

“तुम्हाला पुठ्ठ्यालाही वाइनचाच येईल! पुन्हा हुंगा. नीट.”

“नाही गं, स्वच्छ आहे. पण तू मला विचारतेस? आजवर कधी…”

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. पोरी, सांग, काय येतंय? — म्हातारा प्रत्येक बूच आधी तिच्या नाकाखाली धरायचा, मग स्वतः घोट घेऊन डोळे मिटायचा. ती समजायची, परीक्षा घेतोय. पण तळघरात पिंपांना द्यायच्या, नाक जाळणाऱ्या गंधकाच्या धुरात आयुष्य गेलेला माणूस… एकदा तरी त्यानं बूच स्वतःच्या नाकाशी नेलेलं आपण पाहिलं होतं का?

नव्हतं. की आठवत नाही? आता कुणाला विचारणार… आणि तरी दुकानात त्याचा शब्द शेवटचा असायचा.

दाराची घंटा वाजली. बादलीत बर्फ खळखळला, पाठोपाठ दिराचा आवाज — “वहिनी, टेबलावर जागा करा!”

“जागा भरलीय, भाऊजी,” ती आतूनच म्हणाली. तिसरी बाटली तिनं टेबलाच्या मधोमध ठेवली आणि हात बाटलीवरून काढला नाही. तो काय म्हणेल, कोण कुणाचा पेला भरेल, ठाऊक नव्हतं. बूच मात्र मुठीत होतं, आणि ते नाकाशी न्यावंसं आता वाटत नव्हतं.

तुम्ही पहिला घोट घ्याल, मायबापहो, तेव्हा क्षणभर डोळे मिटा; आणि दुसऱ्याचं नाक मागून घेऊन स्वतःच्या जिभेनं साक्ष देणाऱ्या त्या तळघरातल्या म्हाताऱ्याची आठवण असू द्या.